स्पर्धेच्या आदल्या रात्री रायफल साफ केली आणि पहिली मालिका हातची गेली: नळी नेमकी कधी साफ करावी?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी.

मी कोल्हापूरची. एअर रायफलपासून सुरुवात केली आणि गेली चार वर्षे ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम मारणे) खेळते. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडे .२२ रायफल हाती घेणारी मुले-मुली वाढली आहेत. त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण पहिल्याच महिन्यात मला विचारतो की रायफल किती दिवसांनी साफ करायची, आणि या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर माझ्यापाशी नाही.

मला सुरुवातीला शिकवले गेले ते असे की गोळी झाडली की त्याच दिवशी नळी साफ झालीच पाहिजे, चिंदी पांढरीशुभ्र निघेपर्यंत. पुढे एका शिबिरात नेमके उलटे सांगण्यात आले. गट, म्हणजे निशाण्यावर गोळ्यांचा जमलेला पुंजका, बिघडत नाही तोवर .२२ च्या नळीला हात लावू नये, कारण साफसफाईनेच नळ्या जास्त खराब होतात, असे तिथले मत होते. मी दोन्ही करून पाहिले आणि दोन्हीकडे फसले. शिबिरानंतर अडीच महिने नळीला हात लावला नाही, तेव्हा काडतूस आत बसताना बोल्ट (काडतूस ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) जड लागू लागला आणि चांगल्या जमलेल्या गटातून मधूनच एखादी गोळी आठवर निघून जाऊ लागली. त्या धास्तीने गेल्या महिन्यात एका स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी नळी ब्रश घालून लख्ख केली, आतून तेलाचा हात दिला आणि समाधानाने झोपले. दुसऱ्या दिवशी सायटरच्या, म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या सुरुवातीच्या गोळ्यांच्या, वेळेत गट जमेचना. मी साइट फिरवत राहिले आणि मालिका सुरू झाल्यावर गोळ्या पुन्हा जागा बदलू लागल्या. नीलिंगची (गुडघ्यावर बसून मारायची) पहिली मालिका तिथेच हातची गेली.

माझे तंत्र चुकले असेल ही शक्यता मी नाकारत नाही, परंतु दोन्ही वेळा रायफलच काहीतरी सांगत होती असे मला मनापासून वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे. शक्य असेल तर आकडाही सांगावा.

---

शस्त्रशाळा

ताई, मी सैन्यातून आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची निगा-दुरुस्ती करणारा, म्हणून निवृत्त झालो. तुमच्या दोन्ही शिक्षकांनी खोटे सांगितलेले नाही, मात्र ते दोघे दोन वेगवेगळ्या काळांतल्या काडतुसांविषयी बोलत होते, एवढे आधी ध्यानात घ्या.

‘त्याच दिवशी साफ करा’ हा नियम आला तो जुन्या .३०३ रायफलीच्या काळातून. त्या जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये (आघाताने पेटणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की मागे पोटॅशियम क्लोराइड उरते, आणि ते आपल्या जेवणातल्या मिठाचे सख्खे भावंड आहे. हे मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि एका रात्रीत पोलाद खाऊ लागते. तेलात ते विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणूनच ब्रिटिशांच्या काळापासून फायरिंगनंतर नळीतून उकळते पाणी ओतण्याची रीत होती. पाण्याने मीठ धुऊन निघे आणि तापलेली नळी आपोआप कोरडी होई. केवळ तेलाची चिंदी फिरवून रायफल कोतात (शस्त्रागारात) ठेवणारा जवान मीठ तेलाखाली झाकून ठेवत असे आणि आठवड्याने नळीत तांबूस ठिपके दिसले की त्याला वरिष्ठांपुढे पेशी लागे. ज्यांनी एन.सी.सी. केली आहे त्यांना पुलथ्रू (चिंदी बांधून नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदी आठवत असेल. कोरड्या सफाईची चिंदी चार बाय दोन इंचांची आणि तेलाची चार बाय दीडची, हे आमच्याकडून पाठ करून घेतले जाई. तेलाची चिंदी लहान ठेवण्याचा हेतूच हा असतो की ती नळीतून सैल जावी आणि तेल पुसून न काढता मागे ठेवून जावी.

तुमच्या आजच्या .२२ काडतुसात ते क्लोरेट नाही. त्यामुळे ‘आज नाही केली तर उद्या गंजेल’ ही भीती निदान जळालेल्या दारूच्या बाबतीत उरलेली नाही. नियम मात्र तोंडी परंपरेने चालत राहिला.

आता दुसऱ्या टोकाचे. साफसफाईची गरजच नाही असे समजणे किती महागात पडते, याचे मोठे उदाहरण व्हिएतनाममधल्या एम-१६ रायफलीचे आहे. १९६५ च्या सुमारास ती मोठ्या संख्येने सैनिकांच्या हाती गेली तेव्हा तिला फारशी निगा लागत नाही असा समज पसरलेला होता आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नव्हते. त्यात काडतुसातली दारू बदलली गेली होती, जी जास्त मळ सोडत होती आणि रायफलीचा गोळ्या झाडण्याचा वेगही वाढवत होती. चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसते ती जागा) क्रोमचा मुलामा नव्हता, हवा दमट होती. झाडलेले पुंगळे चेंबरमध्ये अडकू लागले आणि सैनिकांना समोरून गज घालून ते ठोकून काढावे लागले. लढाईत असे होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने याची चौकशी केली. पुढे चेंबरला क्रोम आले, सफाईचे साहित्य आले, शिकवणी आली, आणि तीच रायफल नंतर अनेक दशके चालली.

यातून मी माझ्या हाताखालच्या मुलांना एक गोष्ट शिकवत आलो. शस्त्राचे दोन भाग वेगळे धरा. बोल्ट, चेंबर, पुंगळा ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर आणि काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिन हा खात्रीचा भाग, म्हणजे शस्त्र चालेल की नाही ते यावर ठरते. नळी हा अचूकतेचा भाग. पहिल्याची सफाई वेळापत्रकाने करायची असते आणि दुसऱ्याची पुराव्याने. तुम्ही दोन्हींना एकच नियम लावलात. .२२ च्या नळीतील तपशील मात्र खेळाच्या प्रशिक्षकांनी सांगावा, तो माझा प्रांत नाही.

---

मध्यबिंदू

शस्त्रशाळा काकांनी केलेली विभागणी मला फार पटली. मी पुण्यात मुलांना शिकवतो, त्या अनुभवातून नळीबद्दल लिहितो.

.२२ ची स्पर्धेतील गोळी साध्या शिशाची असते. तिच्यावर तांब्याचे कवच नसते. तिला मेणाचा किंवा चरबीयुक्त वंगणाचा लेप असतो. लख्ख कोरड्या किंवा तेलकट नळीतून पहिली गोळी जाते तेव्हा हा लेप सगळीकडे सारखा बसलेला नसतो. दहा-पंधरा, काही नळ्यांत वीस-पंचवीस गोळ्या गेल्यावर आतला पृष्ठभाग समतोलाला येतो आणि तिथून पुढे नळी एकसारखे वागू लागते. रंकाळाकाठ ताईंच्या बाबतीत झाले ते हेच असणार. सायटरच्या वेळेत नळी अजून बदलत होती, त्या बदलत्या नळीवर त्यांनी साइट फिरवली, आणि मालिका सुरू झाल्यावर नळी स्थिर झाली तेव्हा ती साइट चुकीची ठरली. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे आहे. एवढ्या लहान जागेत नळीतल्या तेलाचा पातळ थरही लपत नाही.

अडीच महिन्यांनंतर जे झाले त्याचे कारण वेगळे आहे. प्रत्येक गोळीबरोबर चेंबरच्या पुढे, जिथे नळीचे आटे (आतल्या पिळदार खाचा) सुरू होतात तिथे, थोडा कार्बन बसतो. तो मुख्यतः खालच्या बाजूला साचतो आणि कालांतराने काचेसारखा कडक होतो. आम्ही त्याला कार्बनचे कडे म्हणतो. ते वाढले की काडतूस आत जाताना मऊ शिसे त्यावर खरवडते, बोल्ट जड लागतो, आणि गोळी नळीत शिरण्याआधीच एका अंगाने दुखावते. मधूनच आठवर जाणारी गोळी बहुधा तिथलीच. नळीचा उरलेला भाग तेव्हा अगदी उत्तम असू शकतो.

त्यामुळे मी मुलांना असे करायला लावतो. सरावानंतर दररोज बोल्ट काढून त्याचा चेहरा व एक्स्ट्रॅक्टर कापडाने पुसायचा आणि चेंबरच्या तोंडाशी साचलेले मेण काढायचे. नळीतून ब्रश नाही. आठवड्यातून एकदा, किंवा साधारण तीनशे ते पाचशे गोळ्यांनंतर, सॉल्व्हंट (मळ सोडवणारे द्रावण) लावलेल्या दोन-तीन चिंद्या आणि मग कोरड्या चिंद्या चेंबरकडून तोंडाकडे ढकलायच्या. ब्रॉन्झचा ब्रश महिन्या-दीड महिन्याने, तोही मुख्यतः त्या कार्बनच्या कड्यासाठी. सॉल्व्हंट दहा मिनिटे मुरू दिल्यावर ब्रश थोड्याच फेऱ्यांसाठी फिरवायचा. हे आकडे माझ्या मुलांच्या रायफलींचे आहेत. दुसऱ्या नळीला आणि दुसऱ्या काडतुसाला ते वेगळे पडतील, म्हणून प्रत्येकाने वही ठेवावी: तारीख, काडतुसाचा लॉट, साफ केल्यापासूनच्या गोळ्या, आणि टेकूवरून मारलेल्या दहाच्या गटाचा आकार. चार-पाच महिन्यांत तुमच्या नळीचा आकडा वहीच सांगते.

आणि एक महत्त्वाचे. काडतुसाचा ब्रँड बदललात तर वंगण बदलते. जुन्या वंगणावर नवे बसत असताना नळी काही काळ पुन्हा अस्थिर राहते. पुष्कळ मुले एकाच दुपारी चार ब्रँड तपासतात, प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या मारतात आणि चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातात. प्रत्येक ब्रँडच्या पहिल्या पंधरा-वीस गोळ्या हिशेबात धरू नयेत.

---

रंकाळाकाठ

मध्यबिंदू सर, मनापासून आभार. साइट फिरवण्याचे तुमचे विश्लेषण वाचून त्या दिवशीचा सगळा क्रम माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मग स्पर्धेपूर्वी शेवटची सफाई कधी करावी?

---

मध्यबिंदू

निदान दोन सराव आधी. म्हणजे सफाईनंतर किमान पन्नास-साठ गोळ्या गेलेल्या असाव्यात आणि गट पुन्हा ओळखीचा झालेला असावा. आदल्या संध्याकाळी फक्त बोल्ट आणि बाहेरचा भाग पुसावा. प्रवासासाठी नळीला तेल दिलेच असेल तर सायटरच्या आधी कोरड्या चिंद्या ढकलून ते पूर्ण काढावे.

---

चापाची धार

मी थोडा वेगळा सूर लावतो, कारण मला स्वतःला याची झळ बसली आहे. माझ्या पहिल्या रायफलीची नळी तिच्या आधीच्या मालकाने गोळ्यांनी नव्हे, गजाने संपवली होती. तीन तुकड्यांचा, स्क्रूने जोडायचा गज तो नळीच्या तोंडाकडून घालत असे. त्या गजाचे सांधे तोंडाच्या कडेवर वर्षानुवर्षे घासत राहिले. नळीचे तोंड, ज्याला आपण क्राउन म्हणतो, ही गोळीला स्पर्श करणारी शेवटची जागा आहे. तिथली कड एका बाजूने जरी झिजली तरी मागचा वायू गोळीला एका अंगाने आधी सोडतो आणि गोळी किंचित डुलत निघते. कारागिराने क्राउन नव्याने कापून दिला तेव्हा ती रायफल सुधारली.

साध्या शिशाच्या .२२ गोळ्यांनी नळी झिजायला अनेक हजार गोळ्या लागतात, आणि चुकीच्या सफाईने ती एका हंगामात बिघडू शकते. म्हणून माझा आग्रह असा की किती वेळा साफ करावी हे ठरवण्याआधी कशाने आणि कुठून साफ करावी हे ठरवावे.

---

शस्त्रशाळा

तुमचे म्हणणे पूर्ण योग्य आहे. गज अखंड असावा, त्यावर प्लॅस्टिकचा लेप असावा, आणि त्याला मागून सरळ धरणारा बोअर गाइड असावा. प्रत्येक फेरीआधी गज पुसावा, कारण त्यावर चिकटलेला कचराच काचकागदासारखे काम करतो. चिंदी तोंडातून बाहेर पडली की ती काढून टाकावी, मळकी चिंदी परत आत ओढू नये. ज्या बंदुकांत मागून गज जात नाही तिथे पुलथ्रू वापरावा आणि त्याची दोरी सरळ रेषेत ओढावी. तिरकी ओढल्यास दोरीसुद्धा कड खाते.

एका जागी मात्र मी थांबवीन. चुकीच्या सफाईने नळी बिघडते, यावरून सफाईच करू नये असे ठरत नाही. माझ्यापुढे आलेल्या बंदुकांत गजाने बिघडलेल्या होत्या, त्याहून कितीतरी जास्त गंजाने गेलेल्या होत्या.

---

माडबन

गंजाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी रत्नागिरी जिल्ह्यातला बागायतदार. आमच्या घरात शेतसंरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक आजोबांपासून आहे आणि वडिलांच्या वेळेपासून एक बारा बोअरची दुनळी आहे. तुमच्या .२२ चे ‘थांबा आणि पाहा’ धोरण ठासणीला लावले तर बंदूक हातची जाईल, हे इथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

ठासणीत काळी दारू वापरतात: सोरा, कोळसा आणि गंधक. ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि राख होऊन घन रूपातच उरतो. ती राख हवेतले पाणी शोषते, आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत पाण्याशिवाय दुसरे असते तरी काय! संध्याकाळी एक बार काढला आणि बंदूक तशीच भिंतीला टेकवली, तर सकाळी कानाच्या भोकाशी (कॅपची ठिणगी आत जाते त्या छिद्राशी) चिकट काळे पाणी दिसते. आजोबा त्याच रात्री गरम पाणी आणि साबण घेऊन बसत, नळी धुऊन, सुकवून, चुलीच्या उबेला थोडा वेळ धरून मगच तेल देत. मी तरुणपणी पाणी टाळून थेट तेल घालायचो, कारण लोखंडाला पाणी लावायला मन धजत नसे. तेल आणि राख मिळून डांबरासारखा थर झाला आणि त्याखाली नळीला खड्डे पडले. ती नळी पुन्हा कधीच सरळ झाली नाही.

दुसरी चूक खोबरेलाची. घरात हाताशी असते म्हणून अनेक जण तेच लावतात. ते काही महिन्यांत चिकट होते, आणि थंडीत पहाटेचा पारा उतरला की थिजते, कारण साधारण २४ अंशांखाली खोबरेल गोठू लागते. घोड्याच्या खाचेत गोठलेले तेल असेल तर कॅपवर घाव हलका बसतो आणि बार फुसका जातो. शिलाई मशीनचे पातळ तेल परवडते, बंदुकीसाठीचे तेल मिळाले तर उत्तमच.

माझी खरी अडचण पुढे आहे. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. एकदा पावसाच्या तोंडावर जमा केलेली दुनळी परत मिळाली तेव्हा दोन्ही नळ्यांवर तांबेरा चढला होता. ती कातडी म्यानातच ठेवून दिली होती, त्यामुळे दोष माझ्याकडेही येतो. पुढच्या वेळी मी काय करावे?

---

शस्त्रशाळा

माडबन, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत ते बरे झाले. कातडे ओल धरून ठेवते आणि ते कमावताना वापरलेली रसायनेही पोलादाला मारक असतात, त्यामुळे म्यान प्रवासापुरतेच वापरावे, साठवणीला कधीच नाही. जमा करण्यापूर्वी आधी खात्री करा की बंदूक रिकामी आहे. ठासणीच्या बाबतीत नुसते बघून चालत नाही. गज आत घालून तो किती खोल जातो ते नळीच्या बाहेरील लांबीशी ताडून पाहा, कारण वर्षानुवर्षे आत राहिलेला बार माझ्या पाहण्यात आहे. मग नळी धुऊन पूर्ण कोरडी करा, आतून-बाहेरून ग्रीसचा पातळ हात द्या, साध्या सुती कापडात सैल गुंडाळा, आणि ‘आत ग्रीस आहे, पुसल्याशिवाय झाडू नये’ अशी चिठ्ठी बांधा. ही चिठ्ठी उगाच नाही. ग्रीसने भरलेल्या नळीतून बार काढला तर दाब वाढून नळी फुगू शकते. पावसाळ्यात धूळ जाऊ नये म्हणून नळीच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबण्याची सवयही सोडा. तो ओल धरतो, आणि विसरला गेला तर नळी फाटते.

बारा बोअरसाठी एक जोडतो. हल्लीच्या काडतुसांतील प्लॅस्टिकच्या वॅडचे (दारू आणि छऱ्यांमधल्या गादीचे) पट्टे नळीत बसतात आणि चोकपाशी, म्हणजे तोंडाकडच्या अरुंद भागात, शिसे चिकटते. त्याखाली ओल शिरली की तिथेच गंज धरतो. झाडल्यावर त्याच आठवड्यात ब्रश फिरवावा, आणि न झाडताही पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेरून पुसून तेल द्यावे, कारण बोटांच्या घामातही मीठच असते.

---

दहा मीटरची आई

माझी मुलगी एअर पिस्तूल खेळते. तिच्या पिस्तुलाला हेच तेल, हाच ब्रश चालेल का? घरी आम्ही प्रत्येक रविवारी तेल देतो.

---

मध्यबिंदू

ताई, कृपया हे रविवारचे तेल आजच थांबवा. एअर पिस्तुलात दारूच नसते, त्यामुळे राख नाही आणि कार्बन नाही, फक्त शिशाची बारीक भुकटी आणि छऱ्याचे वंगण असते. हजारेक छऱ्यांनंतर फेल्टच्या दोन-तीन गुंडाळ्या नळीतून काढल्या की पुरते. ब्रॉन्झचा ब्रश नको. सॉल्व्हंट आणि साधे खनिज तेल रबराच्या सीलना खराब करते, आणि उच्च दाबाच्या हवेच्या वाटेवर तेल गेले तर ते पेट घेण्याचा धोका असतो. उत्पादकाने सांगितलेले वंगण, सांगितलेल्या जागी, एवढेच करावे. त्यापेक्षा सिलिंडरवरची तारीख पाहा. त्याची मुदत साधारण दहा वर्षे असते आणि ती उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही.

आणि सर्वांसाठी: सफाईनंतर हात साबणाने धुवावेत, चिंद्या लगेच टाकून द्याव्यात, आणि हे काम स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर करू नये. शिसे मुलांच्या अंगात जाणे फार घातक आहे.

---

रंकाळाकाठ

पाच आठवड्यांनी परत लिहिते आहे. मध्यबिंदू सरांनी सांगितल्याप्रमाणे वही ठेवली. कार्बनचे कडे खरोखरच होते. पहिल्या दोन वेळा सॉल्व्हंट मुरवूनही ते हटले नाही, तिसऱ्या वेळी चिंदीवर काळे कण आले आणि बोल्ट पूर्वीसारखा हलका बंद होऊ लागला. त्यानंतर माझी नळी स्थिर व्हायला दर वेळी अठरा ते बावीस गोळ्या लागल्या. चारशेपर्यंत गटात काही फरक दिसला नाही. साडेचारशेच्या पुढे खालच्या उजव्या बाजूला एकेक गोळी सुटू लागली, म्हणून मी माझ्यापुरता चारशेचा आकडा धरला आहे.

एक शंका उरली आहे. परवा तीन काडतुसे चापाला उठलीच नाहीत. पुंगळ्याच्या कडेवर पिनचा ठसा अगदी पुसट होता. नळी तर नुकतीच साफ केली होती.

---

शस्त्रशाळा

नळी साफ करताना रायफल तोंड वर करून उभी ठेवली होती का? तसे असल्यास सॉल्व्हंट आणि तेल मागे ओघळून बोल्टच्या जागेत आणि चापाच्या यंत्रणेत गेले असेल. बोल्ट उघडून फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग कोरड्या कापडाने पूर्ण पुसा, तिथे तेल जवळजवळ नकोच. चापाच्या यंत्रणेत स्वतः काही फवारू नका, ती कारागिराकडून धुऊन घ्या. इथून पुढे सफाई करताना नळीचे तोंड किंचित खाली झुकलेले ठेवा. तरीही ठसा पुसट राहिला तर स्प्रिंग थकली आहे, ती बदलावी लागेल. न उठलेल्या त्या काडतुसांवर पुन्हा प्रयोग करू नका, ती रेंजवरच्या अधिकाऱ्यांकडे सोपवा.